लाकडी घेर, पितळी कडे

आवाज लाकडाचा की पितळेचा? आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही भौतिकशास्त्राची. तरी या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते.

मी, सारिका सहदेव हिवराळे, वय अठ्ठावीस, व्यवसाय वाद्यदुरुस्ती, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. माझी प्रकृती ठणठणीत आहे. आई म्हणाली, "लगनाच्या वयात मृत्युपत्र काऊन लिहून राह्यली वो माय?" तिला उत्तर असे की, आजोबांनी कागद केला नाही म्हणून एका वाद्याचे दोन तुकडे झाले. माझ्यामागे तसे होऊ नये.

१. वाद्याची हकीकत अशी. आजोबा कचरू एका पाद्रीसाहेबाच्या बागेत कामाला होते. साहेब मायदेशी जाताना त्यांना आपला बँजो देऊन गेला. मिरवणुकीत बटणे दाबून वाजवतात तो नव्हे. हा डफासारखा गोल, कातडे ताणलेला, लांब मानेचा. कातड्याखाली लाकडी घेर आणि घेराच्या काठावर पितळी कडे. आजोबांनी त्यावर गावोगाव भीमगीते वाजवली. ते वारले आणि वाटणीत माझ्या वडिलांचे थोरले भाऊ भाऊराव, म्हणजे मोठेबाबा, यांनी कडे मागितले.

"आवाज पितळेत असते. लाकडात काय हाय बे? लाकूड त चुलीतबी असते."

बाबा म्हणाले, "पितळ त लोट्यालेबी असते, भाऊ. तो गाते काय?"

कडे त्यांच्याकडे गेले, घेर आणि मान आमच्याकडे राहिले. दोघा भावांचे बोलणे तेव्हापासून बंद. ते कडे मोठेबाबांच्या घरी मोठीआई जनकाबाईंच्या माठाखाली बसले. घेराला जाळी ठोकून आईने चाळणी केली. त्या चाळणीतली ज्वारी खाऊन मी मोठी झाले.

२. माझी बचत आईला. तिने ती माझ्या लग्नासाठी राखून ठेवू नये, खर्च करावी.

३. लाकूड फिरवून गोल कातायचे खरादयंत्र, कानशी, पटाश्या आणि सरस वितळवायचे भांडे मोठेबाबांची मुलगी महामाया हिला. अट एकच, आणि ती मी या बँजोवर शिकले: जुने लाकूड कापायचे नाही. भर घालायची, तीही पुन्हा काढता येईल अशी. घेर सुकून आकसला होता, कडे माठाच्या भाराने वाकडे झाले होते. शहरातल्या एका जाणकाराने सांगितले, घेर फेका, नवा करून घ्या. मी कडे लाकडी साच्यावर हलके ठोकून गोल केले. घेराच्या काठाला शिसवाची पातळ पट्टी सरसाने लावली आणि कडे हाताच्या दाबाने बसेपर्यंत ती घासत राहिले. मग मान जोडली, नवे कातडे ताणले, तारा चढवल्या. पितळ चकचकीत केले नाही. चाळणीच्या खिळ्यांची भोके बुजवली नाहीत. तीही आता त्या वाद्याचीच आहेत.

४. शेषराव मिस्त्री यांना माझी सर्वांत धारदार पटाशी. "पोरीच्या जातीनं खरादाले हात लावू नाई," असे ते भर बाजारात म्हणाले होते. परवा दुकानात येऊन त्यांनी विचारले, "नातीले पाठवू काय शिकाले?" पटाशी त्या नातीच्या हाती द्यावी, म्हणजे हिशेब मिटला.

५. आता मुख्य गोष्ट. बँजो पुन्हा जोडायचा म्हणून मी कडे मागायला गेले तेव्हा मोठीआई म्हणाली, "ने. पण माठ कशावर ठेवू?" मी तिला खरादावर सागवानी बैठक करून दिली. मोठेबाबांनी मात्र बजावले, "बुद्धपौर्णिमा झाली का कडं घरी." ते ऐकून बाबांनीही घेर परत मागितला. म्हणजे एकदा वाजवून पुन्हा तुकडे.

पौर्णिमेला विहारात मी आजोबांची चाल वाजवली, महामाया गायली. शेवटची तार थांबली. मग मोठेबाबा उठून म्हणाले, "आयकलं? पितळ!"

"लाकूड!" बाबा दुसऱ्या कोपऱ्यातून ओरडले.

सगळे विहार हसले. इतक्या वर्षांत भाऊ भावाशी बोलला होता, आणि भांडण जिथे सुटले होते तिथूनच त्यांनी ते उचलले. रात्रीचे जेवण झाले तरी दोघे एकाच पायरीवर बसून वाद घालत होते. आपला भाग परत मागायचे दोघेही विसरले. मी आठवण करून दिली नाही.

६. साक्षीदार असा हवा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून मोठेबाबांना आणि बाबांना मी काहीही ठेवलेले नाही. एकाच कागदावर दोघांची सही मला हवी होती.

७. ज्या बँजोसाठी हा कागद लिहायला घेतला, तो यात कोणाला दिलेला नाही, कारण तो आता माझा नाही. काल सकाळी मोठेबाबांनी एका बाजूने आणि बाबांनी दुसऱ्या बाजूने धरून तो माझ्यासोबत विहारात नेला. शिकेल त्या कोणत्याही मुलामुलीने तो वाजवावा, दुरुस्तीशिवाय कोणी सुटा करू नये, असे सांगून मी तो तिथे ठेवून आले आहे.

ठिकाण: पिंपळगाव राजा
दिनांक: १४ मे २०२५

सही: सारिका सहदेव हिवराळे

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. भाऊराव कचरू हिवराळे
२. सहदेव कचरू हिवराळे