मुऱ्यांचा उपास

१२ जानेवारी, रविवार

टाकी आली! श्रद्धानं नांदेडहून एसटीत मांडीवर धरून आणली, काचेला ओरखडासुद्धा नाही. तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी दिली म्हणे. "आप्पा, पोस्टातून आलात की नुसते बसून राहता. मासे पाळा."

शेजारचे माणिकप्पा लगेच हजर. "महादेवप्पा, लिंगायताच्या घरात मासे? उद्या कोंबड्या आणचाल!"

म्हटलं, पाळायचेत. खायचे न्हाईत.

१९ जानेवारी, रविवार

नांदेडला जाऊन आलो. श्रद्धानं दुकान दाखवलं. दुकानदार सोनेरी मासे पुढं करत होता. माझं लक्ष खालच्या टाकीकडं. तळाशी वाळूत तोंड खुपसून बसलेले, बोटाएवढे लांब, ओठांवर मिशा, अंगावर ठिपके. "हे लोच, साहेब. वरून दिसतच नाहीत, म्हणून कुणी नेत नाही."

लोच कसले — ही तर आमची मुरी! औशाकडं आमच्या गावच्या ओढ्यात शाळा सुटली की ओंजळीत धरायचो आणि सोडून द्यायचो. हिच्या अंगावर ठिपके जास्त आहेत, पण घराणं तेच. चाळीस वर्षांनी भेट झाली.

निवडायला अर्धा तास घेतला. मिशा शाबूत हव्यात. पोट खपाटीला गेलेली नको. हात पाण्याजवळ नेला की चटकन पळणारी हवी. एकटी मुरी झुरते, म्हणून चार घेतल्या. पाणी गरम करायचं यंत्रही यांना लागत नाही, थंडच आवडतं.

खाण्याची पुडी मात्र परत दिली. वाचून बघितली — झिंग्याची भुकटी! माझ्या घरात जीव मारून जीव पोसायचा नाही. बस स्टँडवर श्रद्धानं एकदम विचारलं, "आप्पा, माझ्यासाठी स्थळ बघताना तुमची पहिली अट काय?"

म्हटलं, घर शाकाहारी पाहिजे. बाकी तुझ्या मनासारखं.

२ फेब्रुवारी, रविवार

टाकीतली खडी काढून टाकली. टोकदार खड्यांनी मिशा झिजतात, आणि मिशा गेल्या की मुरी आंधळ्यासारखी. बारीक वाळू चाळून, सात पाण्यांनी धुऊन घातली. नळाचं पाणी दिवसभर घागरीत ठेवतो, औषधाचा वास उडाला की मगच टाकीत. वर झाकण. उड्या मारतात लेकाच्या!

टाकी देवघराशेजारच्या खोलीत, ऊन येत नाही तिथं. उन्हाळ्याचं बघू. जमेल.

खायला कणकेच्या गोळ्या, उकडलेला वाटाणा, काकडीची फोड. सिंधू म्हणते, "मला कधी काकडी चिरून दिली न्हाई!"

उदगीरचं स्थळ सांगून आलंय. घराणं शुद्ध.

९ फेब्रुवारी, रविवार

मुऱ्या सकाळपासून सैरभैर. काचेवर वर-खाली, वर-खाली. हे मला पक्कं ठाऊक — पाऊस यायच्या आधी ओढ्यातल्या मुऱ्या असंच करायच्या. माणिकप्पांनी गच्चीवर तूर वाळत घातलेली. हाक मारून सांगितलं, गोळा करा, अवकाळी येऊन राहिला. बिचाऱ्यांनी सगळी पोत्यांत भरली.

आभाळात ढगाची चिंधी नाही. संध्याकाळी माणिकप्पा गच्चीवरून, "महादेवप्पा, तुमच्या वेधशाळेला सुट्टी हाय का?"

फोनवर श्रद्धाला गंमत सांगितली. ती हसली नाही. "आप्पा, त्यांना भूक लागली असेल. त्यांना गांडूळ लागतं, पाण्यातले किडे लागतात. मी विचारलंय."

कुणाला विचारलं कोण जाणे. म्हटलं, सवय होईल. मला मुऱ्या लहानपणापासून माहीत आहेत.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

आज मुऱ्यांनाही उपास. घरातलं कुणी जेवत नाही, मग त्यांनीच का?

उदगीरकर पाहायला यायचं म्हणतात. श्रद्धा म्हणते परीक्षा आहे. परीक्षा तर एप्रिलात!

२ मार्च, रविवार

एक गेली. वाळूवर आडवी, डोक्यामागं खळगा पडलेला. बाकीच्या तिघींकडं नीट बघितलं — त्यांनाही तसाच खळगा पडू लागलाय. इतके दिवस मी पाणी बघत होतो, वाळू बघत होतो. पोटं बघितलीच नाहीत.

टाकून द्यायला हात धजेना. आपल्यात पुरतात. अंगणात जास्वंदीच्या मुळाशी खुरप्यानं उकरलं. ओली माती. आणि मातीत गांडुळं! वळवळणारी, लाल, जिकडं खुरपं लावावं तिकडं.

मुरीला ठेवलं, माती लोटली. ओढ्यात त्या काय खात असतील? कणीक थोडीच! शंकरानं त्यांना मिशा दिल्या त्या चिखलातले किडे हुडकायला. मी त्यांना विभूती लावायला निघालो होतो.

३ मार्च, सोमवार

स्नान, लिंगपूजा. मग जास्वंदीकडं गेलो. एकच काढलं. धुतलं. "शिव शिव" म्हणालो आणि सोडलं.

तिघी वाळूतून अशा उठल्या! मिशा फडफडल्या आणि गांडूळ गेलं. मला वाटलं होतं किळस येईल. नाही आली. डोळ्यांत पाणी आलं — भुकेलं लेकरू जेवताना बघून येतं तसं.

सिंधू दारात. कपाळावर विभूती, बोटांना चिखल, असा मी. "अगं बाई! तुमच्या हातानं?"

म्हटलं, माझ्याच दारात उपाशी मरत होत्या.

ती आत गेली, एक जुनी वाटी घेऊन आली. "ही त्यांची. माझ्या भांड्यांत मिसळू नका. आणि हात धुवा!"

१६ मार्च, रविवार

खळगे भरले. पोटं गोल. संध्याकाळी माझी चाहूल लागली की तिघी काचेशी येतात. माणिकप्पा येऊन बघत बसले. "काय खातात हो?" सांगितलं. चहाचा कप तसाच हातात राहिला त्यांच्या!

उदगीरकर पुन्हा विचारतात. श्रद्धाचं पुन्हा नाही. आवाज रडवेला. काय आहे ते सांग म्हटलं, तर फोन ठेवला.

२० मार्च, गुरुवार

श्रद्धाचा फोन. टाकी सत्यमची. तिच्याबरोबर शिकतो. मुऱ्यांना काय लागतं तेही त्यालाच विचारलं होतं. लग्न करीन तर त्याच्याशी, म्हणाली. "पण आप्पा, त्यांच्या घरी मासे खातात."

मी टाकीकडं बघत होतो. तिघी जेवून वाळूत निवांत पडलेल्या.

म्हटलं, आपल्या घरी गांडुळं खातात, बाळा. रविवारी घेऊन ये त्याला.