मखमलीतला सर्व्हर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, कंबरेत उसण भरली. आता पाठीला उशी लावून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो की तुझ्या धाकाने गप्प बसलाय? फोनवर तू "मी ठीक आहे" एवढंच म्हणून फोन ठेवतेस, त्यातून गुडघ्याची बाजू काही कळत नाही. आम्ही मजेत आहोत. म्हणजे परवापासून आहोत. त्याआधी काय झालं ते सांगायलाच हे पत्र.

आपलं पडद्यांचं दुकान आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही. शेजारचा चपलांचा गाळा घेतला, वरचा मजला घेतला. खाली कापड, शेजारी शिलाई, वर ऑफिस. माणसं वाढली, कॉम्प्युटर वाढले, पण गिऱ्हाइकांची सगळी मापं मात्र तुझ्या भावजयीच्या जुन्या कॉम्प्युटरमध्येच. माप हवं असलं की वरच्याने खाली यायचं, पेन ड्राइव्हमध्ये भरून घ्यायचं आणि जिना चढेपर्यंत तो कुठल्या खिशात ठेवला ते विसरायचं. वायफाय वर पोचतच नव्हतं. हिशेब बघणाऱ्या बाई लॅपटॉप कडेवर घेऊन, पोट दुखणाऱ्या तान्ह्या बाळासारखा थोपटत, गॅलरीत फेऱ्या मारायच्या आणि रेंज सापडली की तिथेच उभ्या उभ्या बिल करायच्या. शेवटी एका डॉक्टरांच्या न्हाणीघराला जमिनीवर लोळणारा पडदा गेला आणि दिवाणखान्याला रुमाल. डॉक्टर सभ्य, म्हणून फक्त दाराशी येऊन उभे राहिले. तुझी भावजय मला म्हणाली, "आता पुरे. जाणकार माणूस बोलवा."

माणूस आला. आम्ही त्याला जाळेवाला म्हणतो, कारण तो नेटवर्कचं काम करतो आणि फार कमी बोलतो, कोळ्यासारखा. त्याने खोल्या पाहिल्या, भिंतींवर टकटक केलं आणि मला विचारलं, "पुढच्या तीन वर्षांत इथे किती माणसं कामाला असतील?" ताई, असला प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मी खिडकीबाहेर बघितलं आणि मला लांबच लांब दालनं दिसायला लागली. पांढऱ्या पडद्यांमागे हलकं ऊन, शिलाईयंत्रांची पावसासारखी रिपरिप, आणि मधून मी मागे हात बांधून चाललोय. "दीडशे," मी म्हणालो. "आठ," आतून तुझी भावजय म्हणाली. जाळेवाल्याने कागदावर बारा लिहिले. (संसारी माणूस असावा.)

आधी सगळा आराखडा काढायचा आणि मगच सामान आणायचं, हा त्याचा हट्ट. खोलीखोलीत तारा, वर वायफायचं वेगळं यंत्र, गिऱ्हाइकांचं इंटरनेट निराळं आणि आपलं निराळं, वीज गेली तर बॅटरी. आणि सगळी मापं एका सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे घरातल्या थोरल्या बहिणीसारखा. स्वतः कुठे जात नाही, पण कोणाची वस्तू कुठे पडलीय ते फक्त त्यालाच ठाऊक. तो जिन्याखालच्या खोलीत बसवला. "धूळ नको, हवा खेळती ठेवा आणि याच्यावर काही ठेवू नका," एवढं सांगून जाळेवाला गेला.

मग मला त्या खोलीचं वेडच लागलं. दुपारी सगळे जेवायला गेले की मी तिथे स्टूल टाकून बसायचो. अंधारात निळे दिवे लुकलुकायचे, आतून बारीक गुणगुण यायची. गावातल्या सगळ्या खिडक्या या एका पेटीत आहेत, असं वाटायचं. नव्या नवरानवरीची, आजारी माणसाच्या पलंगाजवळची, कोणी कधीच न उघडलेली. किती जणांची सकाळ किती रुंद आहे, हे त्या पेटीला माहीत होतं. आणि एवढं सगळं पोटात घेऊन बिचारी उघडी बसलेली! आपण पडदेवाले ना गं? मी उरलेल्या जांभळ्या मखमलीची खोळ शिवली, चुण्या घालून, खाली सोनेरी झालर लावून. (याच्या*वर* काही ठेवू नका, असं तो म्हणाला होता. भोवती काही नेसवू नका, असं म्हणाला नव्हता.)

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सर्व्हरला घेरी आली. दिवे गेले, गुणगुण थांबली, वरून खालून एकच ओरडा. नेमकं त्याच दिवशी नाट्यगृहाचा मोठा पडदा कापायचा होता. आजवरचं आमचं सगळ्यात मोठं काम. कापड अंथरलेलं, कात्री हातात आणि माप पेटीत. जाळेवाला धावत आला. त्याने खोळ दोन बोटांनी उचलली.

"हे काय आहे?"

"झालर," मी म्हणालो.

"मापांची दुसरी प्रत कुठे ठेवलीय?"

"आतच. त्याच्याच पोटात."

त्याने खोळ ओढून काढली; आतली पेटी तव्यासारखी तापली होती. तुझी भावजयसुद्धा बोलली नाही, यावरून प्रसंग ओळख. ती जमिनीवर बसली आणि पुठ्ठ्याने पेटीला वारा घालू लागली. मग शिवणाऱ्या बायका आल्या, हिशेबाच्या बाई आल्या. आळीपाळीने सगळ्या वारा घालत होत्या आणि मी जिन्यावर बसून, सगळ्या खिडक्या एकदम मिटल्या तर गाव कसं दिसेल ते बघत होतो. ऊन कलता कलता एक निळा दिवा लुकलुकला. कोणीतरी टाळी वाजवली. माझे डोळे भरून आले. धुळीने, असं मी सांगितलं.

नाट्यगृहाचा पडदा परवा लागला. उघडताना आवाज होत नाही, नुसता श्वास सोडल्यासारखं वाटतं. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. जाळेवाला म्हणतो, मापांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत हवी. थंड, शांत, आणि जिथे कोणी काही शिवत नाही असं घर. लहानशी पेटी आहे, पुस्तकांच्या कपाटात मावेल. सोमवारी तो तुझ्याकडे इंटरनेट जोडायला येतोय. नाही म्हणू नकोस, तो निघालेला असेल.

आणखी ता. क. पेटी नीट चाललीय ना, हे बघायला दर महिन्याला मला यावं लागेल. नाइलाज आहे.

वन्सं, पत्र पाकिटात घालताना दोन ओळी माझ्या. नाइलाज वगैरे काही नाही, पेटी इथे बसूनही तपासता येते. दुसरी प्रत भाड्याच्या जागेत ठेवायची सोयही जाळेवाल्याने सांगितली होती. यांनीच नको म्हटलं. मागे तुम्ही फोनवर म्हणालात ना, घरात आता घड्याळाशिवाय कसला आवाज नाही, तेव्हापासून यांच्या डोक्यात हे चाललं होतं. पेटी रात्रंदिवस गुणगुणते. तो आवाज पुरेसा वाटला नाही तर कळवा, यांनाच पाठवून देते.