तिसाव्या दिवशीही अख्खी

हैदराबाद,
९ डिसेंबर २०२४

चि. तन्वीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या आई वाचून दाखवत असतील, त्रिवेणीताई, नमस्कार. मराठी अक्षरं जुळवत बसायला तुला अर्धा दिवस लागतो हे ठाऊक असूनही मुद्दाम मराठीतच लिहिते आहे.

इकडे सगळं मजेत. प्रयोगशाळेतला एसी एकदाचा दुरुस्त झाला, आता आम्ही शाली पांघरून काम करतो. आणि मुख्य बातमी: आपली औषधाची जेल टिकली! गुडघ्यात एकदा टोचली की महिनाभर थोडं थोडं औषध तिनं सोडायचं, पण ती चौथ्या दिवशीच विरघळून सगळं एकदम ओकून टाकायची. काल तिसावा दिवस होता. आमच्या टेक्निशियन भाग्यलक्ष्मीनं बाटली उजेडात धरली नि ओरडलीच, "मॅडम, गललीच नै!" विरघळलीच नव्हती. मग तिनं सगळ्यांना डबल का मीठा, तो इथला पावाचा गोड पदार्थ, खिलवला. मी दोनदा घेतला.

काय बदललं विचारशील. शरीरातल्या पाण्यासारखं जे खारं बफर आपण वापरतो, त्यातलं फॉस्फेट जेलला बांधून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेत होतं. म्हणून कॅल्शियमच्या जोडीला दुसरी, पक्की वीण घातली.

तुझंच म्हणणं होतं हे; मी मात्र तुझ्या वजनांनाच दोष देत होते. जूनमध्ये तू म्हणालीस, "मॅडम, काटा ठीक आहे हो, बफरच खातंय जेलला." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नीट तोलता येत नसेल तर घरी बस." तू बसलीस.

इथवर लिहून मी उगीचच दोनदा चहा करून आले. तन्वी, त्याच संध्याकाळी मी तुझी प्रयोगांची वही वाचली होती. तुझं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. वीस वर्षं शिकवलेल्या बाईला कालच्या पोरीपुढे मान तुकवणं जमलं नाही, म्हणून सहा महिने गप्प बसले. फार लाज वाटते.

या जेलवरच्या शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं आहे. तुझं टेबल कुणाला दिलेलं नाही. येत्या सोमवारी ये.

अपमान चारचौघांत केला आणि माफी तुझ्या एकटीच्या फोनवर मागितली, असं व्हायला नको होतं, म्हणून हे मराठी पत्र. घरी सगळ्यांना वाटत असेल, पोरीलाच जमलं नाही. त्रिवेणीताई, ती मध्येच उठून आत गेली असेल तर हाक मारा, आणि एवढं जरा मोठ्यानं वाचा: तुमची मुलगी चुकली नव्हती. मी चुकले.

तिची वाट पाहणारी,
प्रमिला