मोहाच्या दिवसांतली सभा

गडचिरोली,
ता. १४ एप्रिल १९५७

ती. गुणाबाईस,

धाकट्या भावाचा, मुखरूचा दंडवत. मी बरा आहे. तिकडे सिरोंच्याला, लेकीच्या घरी, तुझे गुडघे काय म्हणतात? तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र जावईबापू वाचून दाखवतील. जावईबापू, एक विनंती. बाई एकटी असताना वाचू नका. ओसरीवर शेजारणी जमल्या की वाचा. कारण पुढे कळेल.

इथे सगळं ठीक, फक्त माणसं ठीक नाहीत. शेजारचा नथ्थू माझं वर्तमानपत्र माझ्याआधी वाचतो आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटतो. सभेचे अध्यक्ष 'दोनच शब्द' म्हणून उठतात आणि माझा निम्मा वेळ खातात. मोटारवाला 'आता निघू' म्हणतो आणि जेवायला जातो.

घरात मात्र चीड आणणारं कुणी उरलं नाही. माझी पुस्तकं पुसून कुणी उलटी ठेवत नाही. मी भाषण घोकत असताना चुलीपासून "पहिले जेव, मंग गरजत बस" असं कुणी म्हणत नाही. वर्षभर सगळी पुस्तकं सुलटी आहेत, आणि त्यांच्यावर बोटभर धूळ आहे.

परवा एका जंगलातल्या गावी सभा होती, सकाळी सातची. मांडवात एक कुत्रं तेवढं होतं. सारं गाव मोहाच्या झाडांखाली, पहाटे गळलेली फुलं वेचायला. मी तावातावानं तिकडे गेलो. सोमारी नावाची म्हातारी फुलं वेचत होती. वर न पाहताच म्हणाली, "गुरं सुटून राह्यली, भाऊ. ते फुलं खाऊन टाकतीन, तुह्या भाषणासाठी थांबतीन का?" आणि एक रिकामी टोपली माझ्याकडे सरकवली. "वेच. मंग बोल."

वेचली. दोन तासांत कंबर धरली. मग बोललो, दहा मिनिटं. कुणी उठलं नाही.

बाई, मी चांद्याला शिकत होतो तेव्हा तू वाळलेला मोह बांधून द्यायचीस. मी तो उकडून खायचो आणि सोबतच्या मुलांना खजूर म्हणून सांगायचो. हे तुला कधी बोललो नव्हतो.

गेल्या चैत्रात गावाबाहेरच्या सभेत तू पुढेच बसली होतीस. ऊन चढू लागलं तशी टोपली घेऊन उठलीस. तुझ्यामागे बाया उठल्या. मी व्यासपीठावरून म्हणालो, "अडाणीपणा माझ्याच घरातून उठून चालला आहे." लोक हसले, आणि मला ते आवडलं. आठवडाभर मोह वाळवलास, माझ्यासाठी मडकं भरून ठेवलंस आणि सिरोंच्याची मोटार धरलीस. त्यानंतर मी तीन पत्रं धाडली. तिन्हींत पाऊसपाणी लिहिलं.

मोहाच्या दिवसांत सकाळी सातची सभा दोन्ही वर्षी मीच ठेवली होती. एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसानं. चूक माझी होती. चार माणसांत तुला बोललो, म्हणून हेही चार माणसांत वाचून घेतो आहे.

मोह अजून दहा-बारा दिवस पडेल. तुझ्या टोपलीचा काठ उसवला होता, तो मी विणला आहे, वाकडाच. येशील तर मोटारीपाशी उभा राहीन. तिथे भाषण करणार नाही.

तुझा अडाणी भाऊ,
मुखरू