संतांच्या देवळीपाशी जाळीचा तंबू

प्रति,
मा. उपमहापौर (शेती व रस्ते),
नगरपालिका, बोआ-सेक, रेयुनियाँ बेट.

विषय : संत एक्स्पेदी यांच्या देवळीपाशी जाळीचा तंबू उभारण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा दि. २ डिसेंबरचा अर्ज. (आपण तो चर्चकडे पाठवला, पाद्रीबाबांनी ‘फळे ही शेतीची बाब’ असा शेरा मारून परत केला.)

महोदय,

मी जिस्लँ तेशेर, चढावरचा भाजीवाला शेतकरी. तीन हंगाम मी कारली-भोपळ्यांवर औषधाचा थेंबही मारलेला नाही. बांधावरच्या मक्याला फळमाशीसाठी आमिष लावतो आणि किडकी फळे रोज वेचून जाळीच्या तंबूत टाकतो. फळमाशीला त्या जाळीतून निसटता येत नाही. तिच्या अळ्या मारणारी चिमुकली गांधीलमाशी मात्र बाहेर पडून रानात कामाला लागते. निम्मा माल सडायचा, तो दहात एकावर आला.

अडचण इथूनच सुरू झाली. माझी आत्या युजेनी हिने याचे श्रेय कुंपणालगतच्या तांबड्या देवळीतल्या संतांना दिले आणि नवस फेडायला सात भोपळे वाहिले. ते पाहून सारा गाव फळे वाहू लागला. जानेवारीच्या या भर उन्हाळ्यात फळे तिथेच सडतात, माश्या वाढतात, आणि माश्या वाढल्या म्हणून लोक दुप्पट फळे वाहतात.

मी एकदा दोन भोपळे उचलले. दुसऱ्याच दिवशी माझी गाडी नाल्यात गेली. संतांचा स्वभाव आपणही जाणता : मागितलेले झटपट देतात, पण देणे चुकले की सूडही तितक्याच झटपट घेतात. आत्या एवढेच म्हणाली, “तुझ्या गांधीलमाश्या एवढ्या हुशार आहेत ना, मग त्यांनाच धाड की भोपळे उचलायला.” तेव्हापासून तिने माझ्याशी अबोला धरला आहे.

या आठवड्यात निम्मी कारली गेली. असेच चालले तर फवारणीचा पंप पुन्हा पाठीवर घ्यावा लागेल. तोच पंप वाहता वाहता माझे वडील खोकून खोकून वारले. महोदय, मला त्याची भीती वाटते.

सबब, वाहिलेली फळे थेट तंबूत ठेवण्याची सोय व्हावी. तंबू पालिकेच्या नावावर असावा, म्हणजे संतांचा राग झालाच तर तो नियमानुसार आपल्या कार्यालयाकडे वर्ग होईल. मंजुरी आठ दिवसांत मिळावी म्हणून मी अकरा भोपळ्यांचा नवस बोललो आहे. तरी तंबू भोपळ्यांच्या आधी उभा राहावा.

आपला, व नाइलाजाने संतांचाही, नम्र,
जिस्लँ तेशेर
दि. १४ जानेवारी

सोबत :
१) किडका भोपळा, एक. पिशवी उघडू नये.
२) आत्याचे ना-हरकत पत्र. अट एकच : मंजुरी मिळाल्यास श्रेय संतांचे.