जिंकल्यावर खडे वेचायचे

सर,

आपल्या कॉलेजच्या मुली हॉकीत विद्यापीठाच्या विजेत्या झाल्या. परवा संध्याकाळी त्यांची मिरवणूक निघाली, ती मी शेवटपर्यंत पाहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ही बातमी तुम्हाला सांगणं वेडेपणाचंच आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगायला गेले की तो आधी माझंच अभिनंदन करतो, ‘तुमचं कॉलेज ना, मॅडम’ म्हणतो, आणि मला अभिनंदन नको आहे. मला एक शंका आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. शंकेखोर मी पहिल्यापासून, हे तुम्हाला माहीत आहे. हॉकीच्या सरावात तुम्ही शिट्टी वाजवलीत तरी मी आधी विचारायचे, का वाजवली.

पहिली शंका आली ती गर्दी बघून. मी डोंबिवलीहून बसने आले आणि कल्याणात चौकातच अडकले. पुढे डीजेची गाडी, मागे उघडी जीप, जीपमध्ये गुलालाने ओळखू न येणाऱ्या मुली, आणि त्यांच्या मागेपुढे एवढी माणसं की रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद करून पाय वर घेतले होते. ही माणसं होती कुठे इतके दिवस? मी अधूनमधून मुलींचे सामने बघायला जाते. तिथे प्रेक्षक म्हणजे सकाळी फेऱ्या मारणारे दोन-तीन निवृत्त गृहस्थ, गाडी शिकवणाऱ्यांची एक मोटार जी दर वेळी पेनल्टी कॉर्नरच्या ऐन क्षणी मैदानात घुसते, आणि कुत्री. आता हेच शहर घसा फुटेस्तोवर ओरडत होतं. लोकांनी गोलकीपरला खांद्यावर उचललं आणि ‘कॅप्टन, कॅप्टन’ म्हणून नाचवलं. खरी कॅप्टन बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

आणि तो फलक, सर. चौकात दोन मजले उंच. मधोमध हात जोडलेले आपल्या भागाचे माजी नगरसेवक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. खाली एका ओळीत मुलींचे पासपोर्टच्या आकाराचे चेहरे. आणि भाऊंच्या खांद्यामागे खेळाचं चित्र म्हणून जे खेळाडू होते, त्यांच्या डोक्यावर लोखंडी जाळीची शिरस्त्राणं, हातात कोपरापर्यंत जाड हातमोजे आणि पायाखाली बर्फ. फलक करणाऱ्याने इंटरनेटवर हॉकी शोधली आणि पहिलं चित्र सापडलं ते चिकटवून दिलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात कल्याणच्या चौकात बर्फ. मी कॅप्टनला दाखवलं. ती विठ्ठलवाडीच्या चाळीतली मुलगी, शब्द हवेतच झेलते. म्हणाली, “मॅडम, हॉकी तरी आहे ना. मागच्या वेळी कबड्डीवाल्यांना खो-खोचा फोटो लावलेला.”

“पण तुला वाटत नाही, या लोकांना तुमच्याशी काही देणंघेणं नाही?”

“तुम्ही ना, लय डाऊट घेता,” ती म्हणाली. “नाचू द्या ना त्यांना. रोज कुठे नाचायला मिळतं?”

मला ते पटलं मात्र नाही. मी आता भाषणंच करते, सर. पाण्यावर करते, कारखान्यांच्या वासावर करते, बंद पडणाऱ्या वाचनालयांवर करते. व्यासपीठावरून माणसं फार बघितली. जो जमाव आपल्याला आज खांद्यावर घेतो, त्याचा हात आपल्या खिशात आहे की नाही, हे मी आधी तपासते. त्या दिवशी सत्कारातही माझं भाषण ठेवलं होतं. पत्रिकेवर माझं नाव होतं, आणि ते तिथे का आहे हे मला मैदानावर पोचल्यावर कळलं.

मैदानावर व्यासपीठ बांधलं होतं, तेही उत्तरेकडच्या गोलसमोर, बरोबर डीमध्ये. ज्या अर्धगोलात शिरल्याशिवाय गोल मारता येत नाही, जो तुम्ही स्वतः वाकून चुन्याच्या फक्कीने आखायचात आणि ज्यावरून कुणी चपला घालून गेलं तर तुमचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा, त्या डीमध्ये लोखंडी पहारींनी भोकं पाडून मांडवाचे खांब रोवले होते. व्यासपीठापुढे खड्डा. खड्ड्याशेजारी कुदळ, तिला हळदकुंकू, आणि स्टीलच्या ताटात नारळ. मागे कापडावर छापलेलं भव्य क्रीडासंकुलाचं चित्र. मी ते चित्र जवळ जाऊन वाचलं. मला वाचायची खोड आहे आणि अशा चित्रांत बारीक अक्षरच खरं बोलतं. बॅडमिंटन होतं, व्यायामशाळा होती, समारंभासाठी सभागृह होतं, खाण्याचे गाळे होते, तळघरात गाड्या होत्या. मी भाऊंच्या माणसाला विचारलं, “हॉकीचं मैदान कुठे आहे यात?” तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, “गच्चीवर टाकू ना, मॅडम. टर्फ.”

म्हणजे मुली जिंकल्या म्हणून त्यांचं मैदान जाणार होतं. हरल्या असत्या तर कदाचित राहिलं असतं. आणि या भूमिपूजनाला मी चार शब्द बोलायचे होते, ओजस्वी.

मी तिथे उभी आहे, मनात भाषणाची पहिली वाक्यं जुळवते आहे, कुणाकुणाला कसं सोलायचं ते ठरवते आहे, आणि मला तुमचं स्वयंपाकघर आठवतं. का, ते तेव्हा कळलं नाही. काकू सुपात तांदूळ निवडत बसल्या आहेत. तुम्ही जवसाचं तेल फडक्यावर घेऊन आमच्या काठ्या पुसताय, सगळ्या घराला त्या तेलाचा वास आहे. माझ्या नडगीला चेंडू लागून टेंगूळ आलेलं बघून काकूंनी बांबूच्या कामट्या गोणपाटात शिवून मला पॅड करून दिले, ते याच दिवशी. मी ते बांधून बघते आहे आणि तोंडाने चालूच आहे, पंच कसा पक्षपाती होता, दुसऱ्या कॉलेजने कशी लबाडी केली. तुम्ही काठीवरून मान न उचलता म्हणता, “तू बोलतेस छान. पण बोलताना तुझी नजर चेंडूवर नसते.” काकू म्हणतात, “अहो, खाऊ तरी द्या तिला आधी.” तुम्ही पुढची काठी पुसायला घेता. मला ते इतकं लागलं की मी पोहे अर्धेच खाल्ले.

आणि त्याच वर्षी आपण जिंकलो होतो. कॉलेजची पोरं ढोल घेऊन मैदानात आली होती, गावातून बघे आले होते, आम्हाला कधी एकदा गुलाल अंगावर घेतो असं झालं होतं. तुम्ही म्हणालात, “आधी खडे.” मुरुमाचं मैदान, पावसाळ्यानंतर दर वेळी नवे खडे वर यायचे. सरावाआधी वेचायचो ते ठीक, पण जिंकल्यावर? आम्ही अकराजणी आणि राखीव मुली खांद्याला खांदा लावून एका गोलरेषेवर उभ्या राहिलो आणि वाकून चालायला लागलो, टी-शर्टच्या ओच्यात खडे गोळा करत. ढोलवाले आधी हसले, मग कंटाळले, मग त्यांच्यातले काही ओळीत आले, त्यांच्यामागून बघेही. त्या दिवसांत मैदानाच्या एका टोकाला कुणाचे तरी ट्रक उभे राहायला लागले होते. पहिल्यांदा एक, मग चार. त्या दिवशी एकच उभा होता; आमची ओळ त्याच्यापाशी पोचली आणि थांबली. तुम्ही ड्रायव्हरला काहीच बोलला नाहीत. आम्हीही नाही. आमच्यामागे सगळं गाव उभं होतं, ओच्यात खडे घेऊन. ड्रायव्हरने थोडा वेळ बघितलं आणि ट्रक काढला.

तेव्हा मला वाटायचं, सरांना आमचा आनंद बघवत नाही. घरी जाऊन मी हेच सांगितलं होतं.

परवा भाऊ माइकवर आले. “आपल्या लेकींनी शहराचं नाव मोठं केलं,” वगैरे. माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, गळ्यात ठसठशीत सोनं, केसांत भरगच्च गजरा. भाऊंच्या ताफ्यातली पांढरी मोठी गाडी असते तशा गाडीतून उतरल्या होत्या, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात भाऊंच्या माणसांत टाकून दिलं होतं. त्या खड्ड्याकडे टक लावून बघत होत्या. मी विचारलं, “तुम्ही भाऊंच्या नातेवाईक का?”

“नाय ग बाय. गोलात हुभी ऱ्हाते ना, ती माजी पोर,” त्या म्हणाल्या. मग नारळाकडे हनुवटीने खूण केली. “आमचे शेतान बी असाच नारल फोरला व्हता. तवा बी बाजा व्हता. शेत कवा गेला, समजला नाय.”

 माझं अख्खं भाषण या बाईने तीन वाक्यांत करून टाकलं होतं, आणि मी त्यांना गाडीवरून जोखलं होतं.

तेवढ्यात दक्षिणेकडून गलका झाला. वळून बघते तर सगळ्या मुली त्या टोकाच्या गोलरेषेवर खांद्याला खांदा लावून उभ्या. गुलालाने माखलेल्या, गळ्यात पदकं, आणि वाकून चालायला लागलेल्या.  त्यांना हे कुणी शिकवलं? त्यांच्या हॉकीच्या शिक्षिका माझ्यानंतर तुमच्याकडे खेळल्या, एवढं मला माहीत होतं. बाकी तुमचं काय काय त्यांच्याकडे गेलं आणि माझ्याकडे आलं नाही, याचा मी कधी विचार केला नव्हता.

डीजेजवळचा एक जण ओरडला, “काय हरवलं रे पोरींनो? अंगठी का?”

“अजून तरी काही नाही हरवलं,” गोलकीपर म्हणाली. “म्हणूनच वेचतोय.”

लोक हसले. मोबाइल वर आले. मी म्हटलं, झालं, आता चित्रफिती काढतील आणि जातील. पण गजरेवाल्या बाईंनी पदर खोचला, तरातरा चालत गेल्या आणि मुलीच्या शेजारी ओळीत घुसल्या. मग सकाळचे फेऱ्यावाले गृहस्थ. मग नाचणारे. डीजे बंद झाला, कारण डीजेवाला स्वतःच ओळीत होता. फटाक्यांचे कागद, बाटल्यांची बुचं, खडे, सगळं ओच्यात, टोप्यांत, गुलालाच्या रिकाम्या पिशव्यांत. यातल्या किती जणांना ओळ कुठे चालली आहे ते कळत होतं आणि किती जण मिरवणुकीचाच एक खेळ समजून आले होते, हे मी आजही सांगू शकत नाही. ओळ मध्यरेषा ओलांडून डीपर्यंत आली. भाऊ माइक सोडून खाली खड्ड्याशी आले होते, नारळ हातात. ओळ त्यांच्यासमोर थांबली.  कॅप्टन वाकलेलीच होती, तशीच वर बघून म्हणाली, “भाऊ, जरा पाय उचलता? खाली खडा आहे.”

भाऊंनी पाय उचलला.

तिने खडा घेतला. क्षणभर भाऊ एका पायावर, हातात नारळ, समोर सगळं शहर. माणूस हुशार आहे, ते मानलं पाहिजे. नारळ मागच्या माणसाकडे दिला, खाली वाकले, एक खडा उचलला आणि कॅमेऱ्याकडे धरला. मग माइकवर म्हणाले, “संकुलाचं निवांत बघू. आज आपल्या लेकींचा दिवस.” प्रचंड टाळ्या. नारळ परत गाडीत गेला, तो मी डोळ्यांनी पाहिला. भाषण कुणी मला करायला सांगितलं नाही, मीही आठवण केली नाही.

काल चौकातला फलक बदलला. बर्फ गेला. आता भाऊ खडा वेचताहेत आणि खाली लिहिलंय, ‘मैदान वाचवणारा माणूस’. खांबांची भोकं मुलींनी सकाळी मुरूम घालून बुजवली. खड्डा मात्र तसाच आहे. कॅप्टनला फोन केला तर म्हणाली, “मॅडम, रोज वेचू. बघू कोण दमतं आधी.” मी तिला म्हटलं, नारळ लवकर नासत नाही, लक्षात ठेव. ती हसली. “तुमचा डाऊट काय जायचा नाही.”

तर माझी शंका ही. सर, त्या वर्षी तुम्ही आम्हाला खरंच खडे वेचायला लावले होते, की ट्रक हलवायला? ठरवून ती ओळ त्या टोकाकडे नेलीत, की मैदान तिथे संपतं म्हणून ती तिथे पोचली? ढोलवाल्यांवर तुमचा विश्वास होता का? मला वाटतं, नव्हता. तरी तुम्ही त्यांना ओळीत जागा दिलीत. मी असते तर आधी विचारलं असतं, तुम्ही कुणाची माणसं.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घराच्या जागी आता उंच इमारत आहे आणि तिच्या वॉचमनला तुमचं नाव माहीत नाही. काकूंनी शिवलेले पॅड माझ्या कपाटात आहेत, गोणपाट विरलंय, कामट्या अजून शाबूत आहेत. त्यांच्यात घडी करून ठेवते.

एक राहिलं. परवा मीही ओळीत गेले होते, जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. मध्यरेषेपासून डीपर्यंत वाकून चालले. ओळ मोडल्यावर सगळ्यांनी आपापला ओचा भिंतीशी रिकामा केला, मीही गेले आणि हात झटकले. माझ्या हातात एकही खडा नव्हता, सर. मी पूर्ण वेळ लोकांचे चेहरे बघत होते.