मी शिवलेलं हार्नेस

चिमणे,

कारखान्याचे गणवेश आज पोचवायचेत, म्हणून लवकर दुकानात जातोय. खरं सांगायचं तर तुझ्यासमोर बोलायला जीभ रेटली नसती.

काल तुझ्या सॅकमध्ये बाटली ठेवायला गेलो, तर आत कडा चढताना कमरेला-मांड्यांना बांधायला मी शिवलेलं हार्नेस. मला वाटलं होतं, तू ते कपाटात टाकलं असशील. ‘बाबा, हे तपासलेलंच घ्यावं लागतं,’ एवढंच तर म्हणाली होतीस. त्यावर मी चार दिवस तोंड फुगवून बसलो. तीस वर्षं कपडे-बॅगा शिवतोय, मला शिकवतेस का, असंही बोललो.

संध्याकाळी ते दुकानातल्या छताच्या कडीला अडकवून स्वतः लोंबकळून पाहिलं. मांडीच्या पट्ट्याची शिवण टराटरा उसवली आणि मी खाली आपटलो. माझ्या खाली वीतभरच जागा होती. तुझ्या खाली अख्खा कडा असता.

पट्टे कापून टाकलेत. आज विकतचं हार्नेस आण, हेल्मेटही घे. बूट घट्ट असू देत, पण बोटं दुखतील इतके नकोत. दोर तुम्हाला चढाई शिकवणाऱ्या सरांचा आहे, तो आत्ता घ्यायला नको. दुकानात कमरेचं माप विचारतील, अठ्ठावीस सांग. माझं तेवढंच बरोबर निघालं.

आणि पुन्हा माझं मन राखायला असलं काही अंगावर चढवू नकोस. मी रुसलो तर रुसू दे.

बाबा